थोरल्या जाऊबाई आणि गुळाची काहील

ये गं, अशी जवळ बस. उंबऱ्यातून काय बोलतेस, माझा घसा सुकला हाका मारून. आणि त्या टाचा बघू जरा. बाई बाई बाई! अगं, वैशाखातल्या रानाला एवढ्या भेगा पडत नाहीत. साऱ्या घराचं करायला तुला दहा हात, आणि स्वतःचं म्हटलं की 'वेळ कुठं आहे'. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी हे ऐकलं असतं ना, तर टाचा घासायची वजरी तुला फेकून मारली असती. साऱ्या सातारा-सांगलीत, मी तर म्हणते साऱ्या हिंदुस्थानात, स्वतःच्या देहाला इतक्या मानानं वागवणारी बाई दुसरी झाली नाही. लोक व्याह्याला जसं वागवतात, तसं त्या स्वतःच्या गुडघ्याला वागवायच्या.

मी लग्न होऊन मेढ्याच्या डोंगरातून कृष्णाकाठच्या त्या उसाच्या घरात आले, तेव्हा कोयनेच्या धरणाचं काम चालू होतं आणि माझं वय सतरा होतं. घरात माणसं बावीस आणि न्हाणी एक. आंघोळीची पाळी ठरलेली. आधी मामंजी, मग बाप्ये, मग आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, मग पोरंसोरं, आणि सगळ्यात शेवटी आम्ही सुना. आमच्यापर्यंत येणारं पाणी कोमट नसायचं, त्याला कोमटपणाची आठवण असायची. त्या पाण्यानं अंग ओलं करून आम्ही चुलीपाशी पळायचो. जाऊबाई मात्र रोज दुपारी, सगळ्यांची जेवणं झाली की, एक तास गायब. कुठं? तर धान्याच्या कणगीमागं. तिथं त्यांचं एक पोतं, एक वजरी, तेलाची बुधली आणि कान तुटलेला एक कप. त्या तासात त्यांना हाक मारायची नाही. घराला आग लागली तरी नाही. एकदा आत्याबाईंनी मारली, तर आतून उत्तर आलं, "थोरली घरात न्हाई. मी हाय, पण मी कुणाची कोण न्हाई." आत्याबाई तीन दिवस हे कोडं सोडवत बसल्या होत्या.

आत काय चालायचं ते मी कणगी आणि भिंतीमधल्या फटीतून पाहिलंय. आधी चहा. सुंठ घातलेला, एकटीचा. "ह्या चहात कुणाचं बारसं न्हाई, कुणाचा दुखवटा न्हाई. ह्यो निस्ता चहा हाय," असं म्हणायच्या आणि बशीत ओतून असा भुरका घ्यायच्या की कणगीवरची मांजर उठून बसायची. मग पायांना वजरी. घासताना बोलायच्या, "दमलास व्हय रं बाबा? मळ्यात चार फेऱ्या झाल्या तुझ्या." एकेका बोटाला नातं दिलेलं. अंगठा मोठा दीर, करंगळी माहेरवाशीण, म्हणून तिला तेल दोन थेंब जास्त. आणि बुधवारी उजव्या हाताला सुट्टी. म्हणजे खरीच सुट्टी! दिवसभर तो हात पदरात गुंडाळून ठेवायचा आणि सगळी कामं डाव्या हातानं. डाव्या हातानं थापलेली भाकरी ताटात पडली की आत्याबाई म्हणायच्या, "ही भाकरी हाय का कोयनेच्या धरणाचा नकाशा?" जाऊबाई शांतपणे, "आवं, शिकतोय अजून त्यो हात. त्याला बोलू नगासा, रुसतोय."

आता तू म्हणशील, एवढं धाडस आलं कुठून? सांगते. थोरले दीर पलटणीत नाईक होते. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. मधल्या काळात पत्रं यायची, ती साऱ्या घराच्या नावानं. मामंजी सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, पण डोळे अधू, म्हणून शाळेचे गुरुजी सोप्यात बसून पत्र वाचायचे. समोर बावीस माणसं. अशा पत्रात बायकोला काय लिहिणार बिचारा? वडिलांना नमस्कार, आईला नमस्कार, म्हशीची चौकशी, ऊस किती उंच झाला, आणि शेवटी एक ओळ, 'तब्येतीची काळजी घेणे.' ती ओळ आली की बाकी सगळे उठायला लागायचे. जाऊबाई दाराआड उभ्या असायच्या, त्या पदर सावरायच्या. एकदा मला म्हणाल्या, "धाकटे, वरचं समदं घराचं. शेवटची वळ माझी. मिलिटरीवाल्याचा हुकूम हाय त्यो. पाळायला नगो?"

मग ती पत्रं त्यांनी चिंधीत बांधून कमरेला खोचायला सुरुवात केली. मला शाळा नव्हती गं. गुरुजी वाचताना कानावर पडलेलं आणि कागदावरचं ताडून ताडून मी अक्षरं शिकले, ती जाऊबाईंच्या शेजारी, कणगीमागं बसून. प्रत्येक पत्रात शेवट तोच, म्हणून सुरुवात शेवटापासून केली. मला आयुष्यात पहिल्यांदा वाचता आलेली ओळ म्हणजे तब्येतीची काळजी घेणे.

आता हौश्याचं सांगायला हवं. हौश्या म्हणजे आमचा बैल. मामंजी जुन्या वळणाचे, सुनांशी सरळ बोलणार नाहीत. गोठा सोप्याला लागूनच, म्हणून जे काही सांगायचं ते हौश्याला. "हौश्या, आज कालवण आळणी झालंय." आम्ही समजायचो. उसाच्या चरकाला इंजिन आलं तेव्हा मामंजींनी सगळे बैल काढले, हौश्या तेवढा ठेवला. लोकांनी विचारलं, म्हातारा बैल कशाला? मामंजी म्हणाले, "मग सुनांशी बोलायचं कसं?"

तर एका साली दिवाळी सरली, गुऱ्हाळ सुरू व्हायला पंधरा दिवस होते. गुऱ्हाळाची काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, एवढी मोठी की तीत बारशाचा पाळणा मावावा. ती राखेनं घासायची आणि पाणी भरून, तापवून, कुठं गळते का बघायचं हे काम आम्हा दोघींचं. घासून झाली. जाऊबाईंनी तीत पाणी भरलं, खाली उसाची चिपाडं पेटवली. पाणी वाफाळायला लागलं, आणि त्या त्या वाफेकडं बघत राहिल्या. लहान पोर जत्रेतल्या पाळण्याकडं बघतं ना, तसं.

"धाकटे," त्या म्हणाल्या, "लग्नाला नऊ वर्सं झाली. ऊन पाणी कसं असतंय ते इसरले मी."

"जाऊबाई, नको."

"काहील गळती का बघायची हाय न्हवं? माणूस घालून बघितल्याबिगर कसं कळंल?"

जाळ ओढला, निखारे पसरले, पोळू नये म्हणून तळाला पाट आणि पाटावर पोतं घातलं, आणि जाऊबाई लुगड्यासकट काहिलीत उतरल्या. गळ्यापर्यंत पाणी. डोळे मिटले. अशा आवाजात "आई गं" म्हणाल्या की मला रडू आलं. संत्र्याची साल, कपूरकाचरी, नागरमोथा घालून कुटलेली शिकेकाई त्यांनी कणगीमागं साठवली होती, ती सगळी त्या दिवशी संपली. आणि एका दिवसात काहील नीट तपासून होते का? आठ दिवस तपासली.

आठव्या दिवशी मामंजी हौश्याला घेऊन गुऱ्हाळावर आले. मी चुलाणापाशी निखारे सारत होते, वाफेनं समोरचं दिसत नव्हतं. बघते तर मामंजी पाच हातांवर. वाफ जरा विरली आणि काहिलीत डोक्यावरून पदर घेतलेली, कुंकू लावलेली, खाली मान घातलेली थोरली सून! सासऱ्यासमोर उभं राहायची रीत, पण उभं राहावं तर पंचाईत. मामंजींनी गर्रकन पाठ फिरवली, कवायतीत फिरवतात तशी.

"हौश्या," ते गरजले, "काहिलीत कोण हाय रं?"

हौश्या गप्प. जाऊबाई खालच्या मानेनं मला म्हणाल्या, "धाकटे, मामंजीस्नी सांग, काहील कुटं गळत न्हाई."

मी सांगितलं. काय करणार?

मामंजींच्या मानेवरची शीर थडथडत होती. "हौश्या, ही काहील पुन्यांदा तीन डाव घासायची. पहिल्या रसाचा गूळ देवाफुडं जातुया, गावात वाटला जातुया. त्येला जर कसला वास आला, तर थोरलीला इट्याला पोचवून येऊ. कायमची."

विट्याच्या माहेरी होतं कोण? जाऊबाईंचे भाऊ सोनं गाळायच्या धंद्यात लांब लांबच्या शहरांत पांगलेले, घराला कुलूप. पण त्यांना त्याचं दुःख नव्हतं. त्या रात्रभर एकच म्हणत होत्या, "पत्रं तर ह्याच पत्त्यावर येणार गं." आम्ही ती काहील तीनदा नाही, अकरा वेळा घासली. राखेनं, वाळूनं, चिंचेनं. घासून घासून माझा चेहरा तीत दिसायला लागला, पण वास जाईना. संत्र्याची साल लोखंडाला जी बिलगली ती बिलगली.

पहिला रस आटला, गूळ ओतला, अर्धा गाव जमला. गुळव्यानं बोटभर गूळ तोंडात टाकला. थांबला. पुन्हा टाकला. "सुभेदार," तो म्हणाला, "गूळ एक नंबर हाय. पण ह्येला कुणीतरी न्हाऊ घातलंय."

कुणी हसेना. मामंजींनी हौश्याच्या पाठीवर हात ठेवला. "इचार थोरलीला. कुणाच्या हुकमानं केलं हे?"

जाऊबाईंनी कमरेची चिंधी सोडली आणि पत्रं माझ्या हातात दिली. "धाकटे, वाच. शेवटची वळ."

मी वाचलं, 'तब्येतीची काळजी घेणे.' दुसरं पत्र. 'तब्येतीची काळजी घेणे.' सात पत्रं, सात वेळा. सगळ्या गावासमोर, सासऱ्यासमोर, बाई माणसानं मोठ्यानं वाचलं. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला.

मामंजी उसाच्या ढिगाकडं वळले. मग म्हणाले, "हौश्या, धाकलीला वाचाया कवा आलं रं?" आणि थोड्या वेळानं, "ही पत्रं समद्या घराच्या नावानं येत्यात. म्हंजे हुकूम समद्या घराला हाय. बावीस माणसं, आन पाळला एकलीनंच." टाचा जुळवून ताठ उभे राहिले ते. "माझे गुडघे लय दुखत्यात, हौश्या. म्या बी हुकूम मोडलाय."

दुसऱ्या वर्षापासून काहील पहिले चार दिवस मामंजी तपासायचे, फेटा बांधून, मिशा पाण्याच्या वर धरून. उरलेले चार दिवस सुना. आणि गावातली माणसं वाटपाच्या वेळी विचारायची, "वासाचा गूळ हाय का न्हाई औंदा?"

पुढं पासष्टची लढाई झाली आणि पत्रं थांबली. घर मुकं झालं. जाऊबाईंनी मात्र तास चुकवला नाही. मी म्हटलं, कसं जमतं तुम्हाला? म्हणाल्या, "हुकूम मागं घेतल्याचं पत्र आलंय का? न्हाई न्हवं? मग." पण त्या दिवसांत त्या एकच टाच घासत बसायच्या, चहा बशीत निवून जायचा, आणि बुधवारी सुट्टी घ्यायला उजवा हात ऐकायचा नाही. रोज दुपारी कणगीपाशी ऊन पाण्याचा हंडा ठेवलेला असायचा. कोण ठेवतं कुणाला ठाऊक नव्हतं. मी एकदा बघितलं. मामंजी होते. बाहेर जाऊन हौश्याला म्हणाले, "सांग तिला, पानी निवायच्या आत घे."

शेवटी पत्र आलं. थोरल्या दिरांचा हात जायबंदी, लिहिलेलं दुसऱ्या कुणाच्या अक्षरात. गुरुजींना बोलावलं नाही, मीच वाचलं. शेवटची ओळ तीच होती. जाऊबाई म्हणाल्या, "पुन्यांदा वाच." तीनदा वाचली. मग त्या उठल्या आणि सुंठ घालून चहा केला. पहिल्यांदाच दोन कप, एक माझा.

आता त्या नाहीत, दीर नाहीत, हौश्या तर कधीचाच गेला. काहील परसात पालथी होती, मी ती उताणी करून घेतलीय. पावसाचं पाणी साठतं, चिमण्या येऊन न्हाऊन जातात, लुगड्यासकट म्हण हवं तर. दुपारचा माझाही एक तास आहे, पण चहा एकटीचा केला की हल्ली हात आपोआप दोन कप मांडतो. तर पोरी, आज तुला घाई आहे, जा. तब्येतीची काळजी घे. पण नुसती ऐकून भागायची नाही ती ओळ. शिकेकाई कुटून ठेवते, संत्र्याची साल वाळत घातलीय. ती वाळली की ये, न्हायला.