चाकापर्यंत किती पोचतंय

मोटार बाळगणारी माणसं निपाणीत पुष्कळ आहेत, पण मोटारीवर काडीचा विश्वास न ठेवता ती बाळगणारे माझे दाजी एकटेच. गाडीचं इंजिन पंच्याऐंशी अश्वशक्तीचं आहे असं कंपनी म्हणते. दाजींच्या मते त्यातली सत्तरसुद्धा चाकापर्यंत पोचत नाही, आणि बाकीची वाटेत कुठं जाते या काळजीनं त्यांनी आमच्या घराचा जीव नकोसा केला होता. त्यांचा जन्म तंबाखूच्या वखारीत काट्यावर गेला. आत आलेलं पोतं बाहेर जाताना हलकं भरलं, की तेव्हाही त्यांना जेवण जात नसे. एका मेकॅनिकनं समजावलं की गिअर, बेअरिंग फिरवायलाही थोडी ताकद लागतेच. तर त्या मेकॅनिककडं जाणंच त्यांनी सोडलं. गाडी हलकी व्हावी म्हणून जादा चाक घरी काढून ठेवलं, आणि हत्तरगीजवळ पंक्चर झाल्यावर आम्ही चौघं दोन तास उन्हात उभे राहिलो. संकेश्वरला दाजींच्या भाचीच्या लग्नाला निघालो तेव्हा तर तीनदा गाडी थांबवून, नव्या धोतरानिशी खाली सरपटत जाऊन त्यांनी गिअरबॉक्सला तळवा लावला. मलाही लावायला लावला. म्हणाले, "ह्यो ताप म्हंजे आपली पॉवर. चाकाकडं निघाल्ती, हितंच उतरली." आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगत उठत होती. आक्का, म्हणजे माझी बहीण, पुढं आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

एसीचं तर नाव काढायची सोय नव्हती. तो इंजिनातूनच आपला वाटा उचलतो म्हणून भर मे महिन्यातही काचा खाली.

गेल्या उन्हाळ्यात आक्काला एकाएकी धाप लागली. डॉक्टरांनी बेळगावला हलवायला सांगितलं. भर दुपारी दाजी गाडी चालवत होते, मी मागं आक्काचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. निघतानाच त्यांनी काचा चढवल्या आणि एसी लावला. तवंदीच्या घाटात गाडी दमली, मालट्रक पुढं निघून जायला लागले. मला धीर धरवेना. घाट चढेपर्यंत एसी बंद करा, असं मीच म्हणालो.

"ऱ्हाऊ दे रं," ते वळून न बघता म्हणाले. "तिला जरा बरं वाटतंय."

आक्का बरी होऊन घरी आली, पण आता चार पावलं टाकली की बसते. दाजी रोज संध्याकाळी तिला गाडीतून फिरवून आणतात. कुठं थांबत नाहीत, कशाला हात लावून बघत नाहीत. त्यांचं ते रडगाणं ऐकून मी इतकी वर्षं वैतागलो, आणि आता ते ऐकू येत नाही म्हणून चुकल्यासारखं होतं. परवा न राहवून मीच विचारलं, की दाजी, हल्ली चाकापर्यंत किती पोचतंय?

आक्काच्या बाजूचं दार उघडून धरत ते म्हणाले, "बघितलं न्हाय."