लेन्समध्ये न मावलेलं घर
कडक अत्तराचा वास आला की मला पोलादपूरचं एक अंगण आणि दारात सारखा हॉर्न मारणारी जीप आठवते. तेच अत्तर लावलेला मित्राचा थोरला भाऊ त्या दुपारी परत कुवेतला निघाला होता, आणि त्याआधी सगळ्या घरासोबत त्याचा फोटो हवाच, असा त्याच्या आईचा हट्ट होता. त्यानं आणलेला डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा मी पहिल्यांदाच हातात घेत होतो, पण फुशारकी अशी की जणू तो मला बारशालाच मिळाला होता. त्यावरच्या स्टँडर्ड लेन्सला झूम ठाऊक नव्हता. माणसं मावायची तर आपणच मागे सरायचं. मी गोठा, कुंपण, रस्ता ओलांडला. आणखी सरलो असतो तर आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरात पोचलो असतो. तरी दोन काकू बाहेरच, त्यात शेजारी “आमाला पन घ्या” म्हणत घुसलेले. कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहावं तर एकेका माणसाच्या दोन-दोन आकृत्या! लेन्सचं कडं फिरवून त्या एकावर एक जुळवल्या तरच फोटो स्पष्ट यायचा, आणि तेवढ्यात कुणीतरी हलायचंच. ड्रायव्हर ओरडला, “विमान काय तुमच्यासाठी थांबनार हाय?” तशी आई तरातरा पुढे आली, लेकाचा हात धरून म्हणाली, “ही बाकीची रोज हायत रे इथं. माझा नि ह्याचाच काढ.” मी धावत जवळ गेलो. दोघं चौकटीत अशी बसली, जणू लेन्स त्यांचंच माप घेऊन बनवली होती. कडं फिरवलं, दोन आयांची एक आई झाली, आणि मी बटण दाबलं. आता माझ्याकडे झूमवाला कॅमेरा आहे, अख्खी वरात मावते. तरी गर्दीचा फोटो काढताना यातलं आज कोण निघालंय, तेच मी आधी शोधतो.