मागं म्हणजे कुणाच्या मागं?

“पोरी, पाच स्पीकर हायेत आन् आवाज समोरूनच येतोय. मागून काय बी येत न्हाई. माझ्या पोराला फसवलंय तिकडं दुबईत.”

तात्या दिवाणावर मांडी घालून बसले होते. त्यांचा मुलगा संजय शेजारी उभा होता. राहात्याच्या बाहेर त्यांची पेरूची बाग, बागेत नवं घर, आणि घराच्या हॉलमध्ये संजयनं सुट्टीवर येताना आणलेला होम थिएटरचा सेट. नव्वदचं दशक संपत आलं होतं. डीव्हीडी हा शब्द आमच्या भागात अजून रुळायचा होता. संजय परवा परत जाणार होता. तोवर सेट बोलला नाही, तर ‘फसून आलेला पोरगा’ हे बिरुद घेऊनच बिचाऱ्याला विमानात बसावं लागणार होतं. तात्यांचं भावकीत अर्ध्या जणांना हे सांगून झालंही होतं.

मी तेव्हा श्रीरामपूरला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्व्हिस इंजिनियर होते. निघताना शेठ म्हणाले होते, “मॅडम, माल आपला नाही. बघून या. आत काही जळलेलं असेल तर हात लावू नका, नाहीतर आपण जाळलं म्हणतील.” शेठ दूरचं बघणारे.

मी आल्याआल्या विचारलं, “मागचे दोन स्पीकर कुठं आहेत?”

“मागं बसवलेत,” तात्या म्हणाले. “झाकून. उघडे बरे दिसत न्हाईत.”

दिवाणाच्या मागे खिडकी होती आणि तिला जाड पडदे होते. मी मान डोलावली आणि कामाला लागले.

होम थिएटरचं डोकं म्हणजे त्यातला प्रोसेसर. डिस्कवर सहा वेगवेगळे आवाज एकत्र गुंडाळून ठेवलेले असतात. समोरचे दोन, मधला एक, मागचे दोन आणि सहावा नुसता धडधडाटासाठी. प्रोसेसर ही गुंडाळी सोडतो आणि ज्याचा आवाज त्याला पोचवतो. हे इतक्या झपाट्यानं करावं लागतं की त्यासाठी आत एक छोटा कॉम्प्युटरच बसवलेला असतो. जाहिरातीत जिला प्रोसेसिंग पॉवर म्हणतात ती हीच. संजयनं आणलेला प्रोसेसर चांगला तगडा होता. मी असा मासिकातल्या फोटोतच पाहिला होता, त्यामुळे खरं सांगायचं तर झाकण उघडायला हात शिवशिवत होते.

पण आधी पाठीमागच्या वायरी बघायच्या, हा नियम. बघितल्या आणि पहिलं दुखणं तिथंच सापडलं. डीव्हीडी प्लेअरपासून प्रोसेसरपर्यंत लाल आणि पांढरी अशा दोन वायरी होत्या. त्या दोन वायरींतून दोनच आवाज जातात. म्हणजे सोडवायला गुंडाळीच मिळत नव्हती. एवढा तगडा गडी आणि त्याला कामच नाही.

“डिजिटल केबल लागेल,” मी संजयला म्हटलं.

“ती बॉक्समध्ये नव्हती. वेगळी घ्यायची असते हेच माहीत नव्हतं.” तो बापाकडे न बघता म्हणाला.

“बघा,” तात्या म्हणाले. “वायर बी न्हाई दिली.”

ती केबल तेव्हा पुण्याशिवाय मिळाली नसती. मी विचारलं, “जुना व्हीसीआर आहे का घरात?” होता. त्याची पिवळी वायर काढून घेतली. पिवळी वायर असते चित्राची, पण तिची घडण डिजिटल आवाजालाही चालते. डीव्हीडी प्लेअरच्या मेनूत जाऊन डिजिटल आउटपुट चालू केला आणि वायर खोचली.

“चित्राच्या वायरीतून आवाज जाईल व्हय?”

“जाईल तात्या. आतून काय जातंय हे वायर विचारत नाही.”

“आन् सहाच्या सहा एका वायरीतून?”

“एका एसटीतून सगळं गाव बाजाराला जातं की.”

हे त्यांना पटलं. प्रोसेसरच्या डिस्प्लेवर पाचही स्पीकरची चिन्हं उजळली. संजय पहिल्यांदा हसला. मी डिस्क लावली, आवाज वाढवला. आवाज भरदार झाला होता, गोड झाला होता, पण येत होता समोरूनच.

“समोरूनच हाय,” तात्या म्हणाले. त्यांना आनंद झाल्याचा मला संशय आला.

माझा चेहरा पडला. वायर बरोबर, मेनू बरोबर, डिस्प्लेवर चिन्हं बरोबर. मग उरतो प्रोसेसर. तो जळला असेल तर तात्या खरे ठरणार आणि संजय तोंड पाडून जाणार. तरी एक शेवटची गोष्ट राहिली होती. अशा मशीनमध्ये टेस्ट टोन असतो. मशीन एकेका स्पीकरला आळीपाळीनं नुसता ‘फुस्स’ असा आवाज पाठवतं. कुठला स्पीकर मुका आहे ते लगेच कळतं. मी तो चालू केला. डावा फुसफुसला, मधला फुसफुसला, उजवा फुसफुसला. डिस्प्लेवर ‘मागचा उजवा’ आलं आणि मी दिवाणामागच्या पडद्याला कान लावला. काही नाही.

तेवढ्यात टीव्हीच्या शोकेसशेजारच्या आतल्या दारातून काकू, म्हणजे संजयची आई, लगबगीनं बाहेर आल्या. “अहो, उठा. शोकेसच्या मागं काय तरी फुसफुसतंय. साप हाय बहुतेक.”

तात्या काठी घेऊन उठले. संजय बॅटरी घेऊन आला. मी रिमोट हातात धरून त्यांच्या मागे गेले. शोकेस भिंतीपासून हातभर पुढे होती. बॅटरीच्या उजेडात दिसलं की मागच्या भिंतीवर, शोकेसच्या फळीकडे तोंड करून, दोन स्पीकर छान स्क्रू मारून बसवलेले आहेत. त्यातला एक फुसफुसत होता.

“हे इथं कुणी बसवले?” मी विचारलं.

“मी सांगितलं वायरमनला,” तात्या म्हणाले. “मागचे हायेत ना? मागंच बसवले. तरुणपनी आठ वर्सं तंबू थेटरात हुतो मी. जत्रेजत्रेला हिंडलोय. स्पीकरचं खोकं पडद्याच्या मागंच असतंय. हे मला कोन शिकवनार?”

मला हसू येत होतं, ते गिळलं. कारण तात्या चुकीचं सांगत नव्हते. सिनेमात बोलणं पडद्यामागूनच येतं. त्यांचं हे तर्कशास्त्र मला आवडलं, आणि मी तसंच सांगितलं.

“तात्या, तुमचं बरोबर आहे. तंबूतल्या त्या खोक्याचं काम आता हा मधला स्पीकर करतो. त्याला हलवायचं नाही. पण हे दोघं पडद्याच्या मागचे नाहीत. बघणाऱ्याच्या मागचे आहेत.”

तात्या विचारात पडले. “बघनाऱ्याच्या मागं तर आमचं मशीन असायचं. रिळांची खडखड तिकडून यायची.”

“मग त्या जागी हे लावू.”

संजयनं स्क्रू काढले. वायर कमी पडली, तर तात्यांनी विहिरीच्या मोटारीची उरलेली वायर आणली. स्टँड नव्हते, म्हणून दिवाणाच्या दोन्ही बाजूंना, जरा मागं, पेरूचे क्रेट एकावर एक रचले आणि त्यांवर स्पीकर ठेवले. आता ते कानाच्या इतके जवळ आले की मागचा आवाज आधी आणि समोरचा नंतर ऐकू यायला लागला. इथं प्रोसेसरची ताकद कामाला आली. मागच्या दोघांना किंचित थांबून बोलायला सांगायची त्यात सोय असते, तिला डिले म्हणतात. मी तो वाढवला, समोरचे आणि मागचे एका सुरात आले.

मग घोड्यांच्या पाठलागाचा प्रसंग लावला. टापा लांबून आल्या, डाव्या कानामागून वाढत गेल्या आणि डोक्यावरून टीव्हीत शिरल्या. तात्यांनी झटकन मागे वळून पाहिलं. मागे पडदा आणि पेरूचे क्रेट. ते पुन्हा पुढे वळले.

“संजय, हितं बस,” तात्या म्हणाले. दिवाणावर थोडे सरकून त्यांनी जागा केली. “तुला न्हाई फसवलं कुनी. मीच त्या दोघांना फळीकडं तोंड करून उभं केलं हुतं. आता परत लाव ते घोडं. आन् तुझ्या चुलत्यांना बोलाव, त्यांना सांगून बसलोय मी.”

संजय बसला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्यानं ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. मलाही फार बरं वाटलं. काकूंनी मला पिशवीभर पेरू दिले आणि साप निघाला नाही म्हणून देवापुढं साखर ठेवली.

दुकानात आल्यावर शेठनी विचारलं, “जळलं होतं का काही?”

“काही नाही. तोंडं फिरलेली होती.”

तेव्हापासून माझा एक साधा धडा आहे. प्रोसेसर कितीही हुशार असो, वायर आणि जागा चुकली की तो हुशारीनं गप्प बसतो. म्हणून झाकण सगळ्यात शेवटी उघडायचं आणि स्पीकर स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मान डोलवायची नाही.

पुढे शेठनी दुकानात होम थिएटरचा कोपरा काढला. पहिलं गिऱ्हाईक संगमनेरहून आलं, तात्यांच्या पाहुण्यांपैकीच. म्हणालं, “दोन स्पीकर मागं बसवायचेत.”

“कुणाच्या मागं?” मी विचारलं.

ते हसलं. “तात्या म्हणालेच होते, मॅडम आधी हेच विचारतील.”