पथरीचे जंतू आणि आमचा अबोला

वासुदेव मेश्राम गेल्याची बातमी आली तेव्हा मी मोहाडीच्या बाजारात मासळीच्या भावावरून भांडत होतो. हृदय बंद पडलं म्हणे. मला आधी रागच आला. सात महिन्यांपासून आमचा अबोला होता, आणि माफी त्याने मागायची होती...

तो लॅबमध्ये रक्त-लघवी तपासणारा, मी डोक्यावर टोपली घेऊन मासे विकत वर आलेला ढिवराचा पोरगा. मला तीनदा पथरी झाली, त्याच्याकडे जाणं वाढलं आणि मैत्री जडली. पाणी कमी पितोस, हे तो सांगायचाच. एकदा म्हणाला, "कॅल्शियमच्या खड्यातही जंतू सापडून राहिले म्हणते. ते खडा बनवते का नुसते त्यात जाऊन बसते, हे अजून पक्कं नाही."

"हो का नाही, एक बोल ना बे!"

"माहीतच नाही, तं बोलू काय?"

मला जंतू तेवढे ऐकू आले. कंबर दुखली की मेडिकलमधून जंतू मारायच्या गोळ्या आणायच्या, दोन दिवस खायच्या, बरं वाटलं की सोडायच्या. पुढे बाजारातल्या लोकांनाही देऊ लागलो. ते त्याच्या कानावर गेलं. भर बाजारात, गिऱ्हाइकांसमोर, त्याने माझ्या हातातलं गोळ्यांचं पाकीट ओढून घेतलं. "डाक्टर झाला का रे तू? मी शंका सांगतली, इलाज नाही. पोटात कामाचे जंतूबी रायते, तेही मारशील. अन् उद्या खरा ताप आला तं हेच औषध लागू पडणार नाही तुले!"

मी बोलणं तोडलं. चारचौघांत झापलं ते मला अजूनही पटलेलं नाही. एकट्यात सांगितलं असतं तर... ऐकलं नसतं, हेही खरं.

हिवाळ्यात खडा अडकला, थंडी वाजून ताप भरला. भंडाऱ्याला भरती झालो. लघवीच्या तपासणीत निघालं की माझ्या नेहमीच्या गोळ्या त्या जंतूंवर चालतच नाहीत. वेगळ्या इंजेक्शनने वाचलो. तरी त्याला फोन केला नाही. हरल्यासारखं झालं असतं.

त्याच्या अंत्यविधीहून परतल्यावर बायको म्हणाली, "तुमी दवाखान्यात होते तवा मेश्राम भाऊजी रोज फोन करत. ताप किती, पाणी किती पेले, सारं इचारत. तुमाले सांगू नोको म्हणत, चिडंल म्हणे."

मी चपला न काढता ओट्यावर बसून राहिलो...

आता बाजारात कुणी कमरेला हात लावून विचारतं, "दादा, ते गोळी हाये का?" मी लघवी तपासून डॉक्टरला दाखवायला सांगतो.

"पण पथरी जंतूनंच होते ना?"

"अजून पक्कं नाही."

माणूस नाराज होऊन निघतो. मेश्रामच्या लॅबमधून मी असाच निघायचो.