आजोबांच्या उशाचा लिंब

आमच्यात माणसाला पुरलं की त्याच्या उशाशी लिंब लावतात आणि त्या लिंबाला कधी कुऱ्हाड लावत नाहीत. म्हणून ताडकळसच्या वाटेवरच्या आमच्या जुन्या मसणवट्यात गर्द सावली होती. उन्हाळ्यात गावाची मेंढरं तिथंच बसायची. ‘लिंब वाचवा’ हे माझं पहिलं पत्रक काकांनीच सांगून लिहून घेतलं होतं. ग्रामसभेत लिंब तोडून तिथं हॉल बांधायचा ठराव आला, तेव्हा ठरावाच्या बाजूनं पहिला हात त्यांचाच वर गेला.

“काका, आजोबांच्या उशाचा लिंब तुमीच लावलाय ना?” मी विचारलं.

“लय पत्रकं लिव्हलीस! मेलेल्याला सावली कशाला लागती?”

सभा हसली. लिंब तोडले. चैत्राच्या उन्हात काकांची मेंढरं सवयीनं तिथंच गेली आणि एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहिली. काका हाकलत होते, एकही हलेना.