लाडूकाकांचं पातं आणि काकींचा आवाज

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये काहीही फेकायची पद्धत नव्हती. बिघडलेली पाती, जळक्या वायरी, सगळं ‘लागेल कधीतरी’ म्हणून एका पत्र्याच्या पेटीत जायचं. किस्सेही तसेच साठत गेले. जुनं कोणी भेटलं आणि एक काढायला गेलं, की खालचे चार वर येतात!

आम्ही शस्त्रक्रियेचं एक हत्यार बनवत होतो. त्याचं टायटॅनियमचं पातं सेकंदाला पंचावन्न हजार वेळा थरथरतं. त्या थरथरीने रक्तवाहिनी कापली जाते आणि त्याच वेळी तिचं तोंडही बंद होतं. दोरा बांधायला नको. असलं यंत्र तेव्हा परदेशातूनच यायचं. गोवा घटक राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, आणि मी पुण्याची नोकरी सोडून साखळीला घरी परतले होते. डिझाइन माझं, आणि घमेंडही माझीच.

*

पात्याचं काम लाडूकाकांचं. काका इब्रामपूरचे. सगळी उमेदीची वर्षं खाणीवरच्या डंपरचे शाफ्ट लेथवर लावण्यात गेलेली. पहिल्याच दिवशी मी ड्रॉइंग पुढे ठेवलं आणि बजावलं, “केसाच्या दहाव्या हिश्शाएवढासुद्धा फरक चालणार नाही.”

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “बाय, इतलो फरक आमी डंपराक बक्षीस दिताले!”

तीन पाती वाया गेली. चौथं मी मोजलं, पुन्हा मोजलं आणि मुकाट्याने त्यांच्यासाठी चहा सांगितला.

*

पात्याची थरथर डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही. म्हणून काका चालू पात्याच्या टोकावर पाण्याचा एक थेंब सोडायचे. थेंबाचं क्षणात धुकं व्हायचं. थेंब सोडल्याशिवाय कोणी पात्याजवळ जायचं नाही, हा त्यांचा नियम.

एकदा पणजीहून एक साहेब पाहणीला आले. “हे तर बंदच आहे!” म्हणत त्यांनी बोट पुढे केलं. काकांनी त्यांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने थेंब सोडला. फुस्स! साहेब दोन पावलं मागे.

“साहेब, दिसना म्हणून ‘ना’ अशें जायना,” काका म्हणाले.

पुढची सगळी पाहणी साहेबांनी हात पाठीमागे बांधून केली.

*

हॅण्डलची फजिती मात्र पूर्णपणे माझी. समोर सदा काकांचाच हात, म्हणून मी तेच माप धरलं. म्हापशाच्या आमच्या सर्जन डॉक्टरबाई तपासायला आल्या. चणीने लहानखुऱ्या. त्यांचं बोट बटणापर्यंत पोचेना!

“ऑपरेशन करायचं आहे का डंपर दुरुस्त करायचा आहे?” त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी काका केळीच्या पानात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. गणपतीच्या चित्रशाळेतला चिकणमातीचा गोळा, त्यावर पाच बोटांचे ठसे. “आमच्या शेवंतीची मूठ. डॉक्टरबायेच्या मापाची आसा.”

काकींच्या त्या मुठीवरून मी नवं हॅण्डल काढलं. डॉक्टरबाईंनी ते हातात घेतलं आणि नुसती मान डोलावली.

*

चाचणीसाठी आम्ही खाटकाकडून बोकडाच्या रक्तवाहिन्या आणायचो. कापून बंद केलेले तुकडे नंबराचे दोरे बांधून स्टीलच्या डब्यात ठेवायचे. काकांचा जेवणाचा डबाही नेमका तसाच!

श्रावणात एका सोमवारी काका चुकून चाचणीचा डबा घरी घेऊन गेले. शिवराक, म्हणजे शुद्ध शाकाहारी जेवणाच्या त्या दिवशी घरात शेवंतीकाकींनी झाकण उघडलं. तीन दिवसांची मेहनत मांजराच्या पोटात गेली आणि काकांना विहिरीवर दोनदा आंघोळ करावी लागली. तेव्हापासून काका डबा घेऊन उंबऱ्यावर आले, की झाकण काढल्याशिवाय आत पाऊल नाही. आतून हुकूम सुटायचा, “पयलीं उगडून दाखयात!”

*

आणि मग काकींच्याच गळ्याला गाठ आली. थायरॉइडची.

सगळ्या परवानग्या होऊन आमचं हत्यार तोवर काही पेशंटांवर वापरलं गेलं होतं. डॉक्टरबाईंनी माझ्यादेखत काका-काकींना समोर बसवून विचारलं, “दोऱ्याने बांधू, का तुमच्या पात्याने करू?” हेही सांगितलं, की आवाजाची नस त्या गाठीला चिकटूनच जाते. पातं कापताना तापतं. ते जरा जास्त वेळ टेकलं आणि नसेला चटका बसला, तर आवाज जातो.

गावच्या बायका रात्री जिथे गातात-नाचतात, त्या धालोच्या मांडावर गाणं सगळ्यांत आधी उचलायचं ते शेवंतीकाकींनी. त्यांचा आवाज पार ओढ्याच्या पलीकडे ऐकू जायचा.

काका खाली बघत राहिले. प्रत्येक पातं ‘पास’ म्हणून माझ्या हातात ठेवणारा हा माणूस म्हणाला, “दोऱ्यानच करा, डॉक्टरबाय.” मला राग आला, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. माझ्या आईचा गळा असता तर मी काय म्हटलं असतं?

काकी मात्र काकांकडे वळल्या. “लोकांच्या गळ्याक चलता, मागीर माज्याच गळ्याक कित्याक ना?”

काका उठले आणि थेट शेडमध्ये लेथपाशी गेले.

त्या आठवड्यात त्यांनी एकच पातं केलं. किती थेंब सोडले त्याची गणतीच नाही.

ऑपरेशनच्या दिवशी काका पेजेचा डबा मांडीवर घेऊन सकाळपासून बाकावर बसले होते. मी शेजारी. डॉक्टरबाई बाहेर आल्या. रक्त जवळजवळ गेलंच नव्हतं. “आवाजाचं मात्र त्या बोलल्यावरच कळेल,” त्या म्हणाल्या.

दुपारी काकी पुरत्या शुद्धीवर आल्या. आम्ही तिघं खाटेभोवती उभे. डॉक्टरबाई वाकून म्हणाल्या, “काकी, काहीतरी बोला बघू.”

काकी बोलेनात. ओठ हलले, आवाज नाही. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. काकांनी पुढे होऊन डबा खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला, तो खणकला.

त्या आवाजाने काकींनी मान किंचित वळवली. डब्याकडे पाहिलं, मग काकांकडे. आणि पलीकडच्या वॉर्डातली नर्स धावत यावी एवढ्या खणखणीत आवाजात म्हणाल्या,

“पयलीं उगडून दाखयात!”