नसलेल्या राज्यांचे नकाशे

पिंपरीजवळ रहाटणीत एका जिमच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटंसं ऑफिस आहे. तिथं आम्ही तिघं कधीच नसलेल्या राज्यांचे नकाशे आणि चित्रं काढतो. गेमसाठी, कादंबऱ्यांसाठी. "काय करता?" या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं, की एक किस्सा तयार होतोच. आता इतके साठलेत, की चहाला बसल्यावर कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही!

संदीपपासून करू. हा चाकणचा, आधी एका कंपनीत मशीनच्या पार्टची ड्रॉइंग्ज करायचा. आमच्याकडे पहिलंच काम मिळालं ते ड्रॅगनचं. दोन दिवस मान खाली घालून बसला. कागद बघतो तर फ्रंट व्ह्यू, साइड व्ह्यू, टॉप व्ह्यू आणि पंखांची मापं मिलिमीटरमध्ये!

"अरे, हे कशाला?"

"राव, उद्या कुणी बनवायला घेतला तर मापं कुणाला विचारील?"

त्याच्या आईनं त्याचा पहिला नकाशा फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. दोन समुद्र, सात किल्ले. पाहुण्यांनी विचारलं, की सांगते, "पोराच्या कंपनीची जागा हाय!"

मी मुलगी बघायला माण गावी गेलो होतो. "नकाशे काढतो," म्हणालो. मुलीचे वडील खूश! आतून जमिनीचा नकाशाच घेऊन आले. "आमच्या वावरातनं नवा रस्ता जातोय का, तेवढं बघा."

म्हटलं, "काका, मी नसलेल्या जागांचे नकाशे काढतो."

त्यांचा चेहरा पडला. "म्हंजी प्लॉटिंगवाले का तुमी?"

लग्न जमलं नाही.

एक लेखक फोनवर चिडले होते. "तुम्ही मध्येच नदी घातलीत! माझा नायक राजधानीत चालत पोचतो."

प्रज्ञा, आमची तिसरी पार्टनर, शांतपणे म्हणाली, "सर, डोंगरावर बर्फ तुम्हीच लिहिलंय. ते वितळून जाणार कुठं?"

आठवडाभर फोन नाही. मग कादंबरीचं नवं प्रकरण आलं. नायक पोहायला शिकत होता!

प्रज्ञाचे बाबा कारखान्यातल्या फोर्जिंग शॉपमधून, लोखंड तापवून ठोकायच्या खात्यातून, रिटायर झालेत. त्यांचं गाव धरणात गेलं, तेव्हा ते तरुणपणीच पिंपरीला आले. गावाबद्दल कधी बोलत नाहीत. एकदा डबा द्यायला आले, तेव्हा प्रज्ञा एका गेमसाठी खोऱ्यातलं गाव काढत होती. ते मागे उभे राहून बघत राहिले.

"इथं विहीर पाहिजे."

तिनं काढली.

"चिंच जरा अलीकडं घे. आणि शाळेची पायवाट अशी वळून जाते."

चार दिवस रोज आले. गाव पुरं झालं.

क्लायंटचा निरोप आला तेव्हा ते शेजारीच बसले होते. प्रज्ञानं वाचून दाखवला. नकाशा आवडला, पण खोऱ्यात मोठा तलाव हवाय, तेवढं गाव काढून टाका.

बाबांनी चष्मा काढून पुसला. "नोटीस किती दिवसांची दिलीय?"

प्रज्ञानं कीबोर्ड पुढं ओढला आणि उत्तर लिहिलं, "गाव राहील. तलाव हलवते."